ठोकताळे आणि गणित

आमच्या धंद्यात एक मत इतके मुरले आहे की ते आता कुणी मांडतही नाही. त्याच्या भरवशावर फक्त कामे चालतात. सर्किट बोर्डाचे सिग्नल आणि पॉवर इंटिग्रिटीचे सिम्युलेशन ही सर्व्हर आणि टेलिकॉम बनवणाऱ्या बड्या कंपन्यांची चैन आहे, बाकीच्यांना अनुभव आणि चार ठोकताळे पुरतात, असे ते मत. मला ते चुकीचे वाटते आणि महागात पडणारेही वाटते. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा.

पूर्वपक्ष असा. आमच्या बोर्डाचे क्लॉक वीस-पंचवीस मेगाहर्ट्झचे. गिगाहर्ट्झचे प्रश्न आम्हाला पडतच नाहीत. प्रत्येक पॉवर पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा, महत्त्वाच्या चिपला १००, १० आणि १ नॅनोफॅरड असे तीन द्यावेत, ट्रेस काटकोनात वळवू नये, चिपवाल्याचे रेफरन्स डिझाइन समोर ठेवावे. एवढ्यावर हजारो बोर्ड चालले आहेत. उलट सिम्युलेशनमध्ये जे घालाल तेच बाहेर येते. मॉडेलच्या फाइली अर्धवट, मटेरियलचे आकडे ढोबळ, सॉफ्टवेअरचे लायसन्स लाखांच्या घरात, आणि एवढे करून शेवटी स्कोपवर वेगळेच दिसते. त्यापेक्षा बोर्ड बनवा, तपासा, चुकले तर दुसऱ्या फेरीत सुधारा.

असे म्हणणारी माणसे अडाणी नाहीत. लेआउटमधले बरेचसे मी अशाच माणसांकडून शिकलो. म्हणूनच त्यांच्या मताला नीट उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पहिला मुद्दा क्लॉकचा. बोर्डावरच्या ट्रेसला क्लॉकची वारंवारता कळत नाही. व्होल्टेज खालून वर किती वेळात चढले, एवढेच त्याला कळते. एफआर-४ बोर्डाच्या आतल्या थरातून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो. म्हणजे एका नॅनोसेकंदात चढणारी कड बोर्डावर १५ सेंटीमीटर लांब पसरलेली असते. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात निकष दिला आहे की ट्रेसची लांबी या पसाऱ्याच्या एक षष्ठांशाहून जास्त झाली की त्याला साधी तार मानून चालत नाही, ट्रान्समिशन लाइन मानावे लागते. आपल्या उदाहरणात ही मर्यादा अडीच सेंटीमीटर येते. हाही ठोकताळाच आहे, पण तो स्वतःची अट सोबत घेऊन येतो: चढण्याचा वेळ सूत्रातच बसलेला आहे. 'पंचवीस मेगाहर्ट्झच्या खाली काळजी नको' या वाक्यात अशी अट कुठेच नाही.

कागदावर करता येईल असे एक उदाहरण घेऊ. ३.३ व्होल्टचा ड्रायव्हर, त्याचा आउटपुट रोध १२ ओहम, पुढे ५० ओहमचा दहा-बारा सेंटीमीटरचा ट्रेस आणि टोकाला सीमॉस चिपचे इनपुट, म्हणजे जवळजवळ उघडे टोक. ड्रायव्हर वर गेला की ट्रेसवर आधी २.६६ व्होल्टची लाट निघते. उघड्या टोकाशी ती दुप्पट होते आणि तिथे ५.३ व्होल्ट दिसतात. लाट परत फिरते, ड्रायव्हरपाशी उलट्या चिन्हाने परावर्तित होते आणि पुन्हा टोकाशी पोचते तेव्हा तिथले व्होल्टेज २.०६ वर आलेले असते. आता हेच खाली उतरताना पाहा. सिग्नल शून्याच्या खाली उणे २ व्होल्टपर्यंत जातो आणि उसळून १.२४ वर येतो. इनपुटने शून्य ओळखायची मर्यादा ०.८ व्होल्ट आहे. म्हणजे क्लॉकची एक उतरती कड रिसीव्हरला दोनदा उतरल्यासारखी दिसू शकते, आणि काउंटर एकाऐवजी दोन मोजतो. इनपुटमधले संरक्षक डायोड यातला काही भाग कापतात, पण त्यांच्या भरवशावर बोर्ड सोडणे शहाणपणाचे नाही. ड्रायव्हरच्या पायाशी ३९ ओहमचा एक रेझिस्टर लावला की सगळे शांत होते. या हिशेबात क्लॉकची वारंवारता कुठेही आली नाही. सिग्नल सेकंदाला एकदा बदलला तरी उसळी तेवढीच.

चिप बनवणाऱ्या कंपन्या जुनाच भाग अधिक बारीक प्रोसेसवर नेतात तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. भागाचा नंबर तोच, डेटाशीटमधला कमाल वेगही तोच, पण कड मात्र कितीतरी तीव्र. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला बोर्ड नव्या लॉटमध्ये अचानक अडखळू लागतो, आणि खरेदी विभागापासून सोल्डरिंगपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन होतो. डिझाइन बदलले नाही हे खरे असते. ते ज्या अटीवर उभे होते ती अट बदललेली असते.

अनुभव विरुद्ध गणित हे भांडण सर्किट बोर्डांपेक्षा फार जुने आहे, आणि त्याचा एक निकाल दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लागलेला आहे. १८५८ साली आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली गेली. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा पेशाने शल्यवैद्य, पण तारांवर हाताने प्रयोग केलेला अनुभवी माणूस. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५४-५५ मध्येच गणिताने दाखवले होते की अशा तारेत सिग्नल पोचायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लांब तारेला तांबे जाड हवे आणि त्यावरचे आवरणही जाड हवे. व्हाइटहाउसने आपल्या मोजमापांच्या आधारे हा वर्गाचा नियम जाहीरपणे नाकारला. तार टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. सिग्नल क्षीण येतो म्हणून व्हाइटहाउसने मोठमोठ्या इंडक्शन कॉइल वापरून सुमारे २,००० व्होल्टचा मारा केला. काही आठवड्यांत तार मुकी झाली.

सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ती तार बनवण्यात आणि साठवण्यातही हेळसांड झाली होती. पण नंतरच्या सरकारी चौकशीने थॉमसनच्या बाजूला वजन दिले आणि १८६६ ची यशस्वी तार जाड तांब्याची, कमी व्होल्टेजची आणि नाजूक आरसा-गॅल्व्हनोमीटरने वाचली जाणारी निघाली. ती टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानेच १८७० मध्ये मुंबई ते एडन तार टाकली. पुढे १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइडने थॉमसनच्या हिशेबात इंडक्टन्स जोडून जी समीकरणे लिहिली, तीच आज सिम्युलेटर ट्रेससाठी सोडवतो. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हे, की व्हाइटहाउस खोटे बोलत नव्हता. त्याने मोजले होते. पण एका मापावरचा अनुभव दुसऱ्या मापावर तसाच लागू होतो की नाही, हे अनुभव स्वतः सांगू शकत नाही. ते सांगायला गणितच लागते.

आता कपॅसिटरकडे येतो, कारण पूर्वपक्षाचा सगळ्यात लाडका नियम तिथे आहे. १००, १० आणि १ नॅनोफॅरड असे तीन कपॅसिटर शेजारी शेजारी लावले की तिघे मिळून रुंद पट्टा सांभाळतात, असे समजले जाते. हा नियम कधीकाळी बरोबर होता. कपॅसिटर लांब पायांचे होते तेव्हा मोठ्या किमतीचा कपॅसिटर आकारानेही मोठा असे, त्याचा इंडक्टन्स जास्त असे. छोट्या किमतीचा आकाराने लहान, म्हणून उच्च वारंवारतेला खरोखर चांगला. आज तिन्ही ०४०२ च्या एकाच मापात मिळतात. त्यांचा इंडक्टन्स किमतीवर ठरत नाही, तो पॅड, व्हाया आणि खाली प्लेन किती खोल आहे यावर ठरतो. म्हणजे तिघांचा जवळजवळ सारखाच.

हिशेब करून पाहू, सोपेपणासाठी मधला १० नॅनोफॅरडचा बाजूला ठेवून. बोर्डावर बसवल्यावर प्रत्येकाचा इंडक्टन्स १ नॅनोहेन्री धरा. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर १६ मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनादात येतो आणि त्यापुढे तो कपॅसिटर राहत नाही, इंडक्टर होतो. १ नॅनोफॅरडचा १५९ मेगाहर्ट्झपर्यंत कपॅसिटरच असतो. मधल्या पट्ट्यात एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर समांतर बसलेले आहेत. असे जोडकाम एका ठिकाणी इम्पीडन्स खाली आणण्याऐवजी वर उचलते. आपल्या आकड्यांनी ती जागा ११३ मेगाहर्ट्झवर येते, आणि दोघांचा मिळून अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला तर तिथला इम्पीडन्स जवळपास ५ ओहम होतो. त्या १ नॅनोफॅरडच्या जागी आणखी एक १०० नॅनोफॅरडचाच लावला असता तर त्याच वारंवारतेला इम्पीडन्स ०.३५ ओहम राहिला असता. काळजीपोटी लावलेल्या छोट्या कपॅसिटरने त्या ठिकाणी परिस्थिती चौदा पट बिघडवली. खऱ्या बोर्डावर प्लेन, बाकीचे कपॅसिटर आणि चिपच्या आतला कपॅसिटन्स मिसळून हे शिखर थोडे सरकते, थोडे बुटके होते. पण ते असते. आणि चिपमधल्या हालचालीची लय नेमकी त्याच वारंवारतेशी जुळली, तर पॉवर रेल तिथे झुलते. सिरॅमिक कपॅसिटर जसजसे सुधारत गेले, त्यांचा अंतर्गत रोध जसजसा कमी झाला, तसतशी ही शिखरे अधिक उंच झाली. घटक सुधारल्याने नियम बिघडला, हे ठोकताळा पाळणाऱ्याच्या ध्यानात येण्याचा मार्गच नाही.

'प्रत्येक पिनला ०.१' या नियमात आणखी एक उणीव आहे. किती पुरे, हे तो सांगतच नाही. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या लॅरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी टार्गेट इम्पीडन्सवर आधारलेली रीत सविस्तर मांडली. व्होल्टेजचा जेवढा हेलकावा चालेल, त्याला करंटमधल्या बदलाने भागा. रेलचा इम्पीडन्स लागू असलेल्या सगळ्या वारंवारतांना त्याच्या खाली ठेवा. जुन्या ५ व्होल्टच्या लॉजिकला ५ टक्के सूट आणि १ अँपियरचा बदल धरला तर २५० मिलिओहम चालतात. आजच्या ०.९ व्होल्टच्या कोअरला ३ टक्के सूट आणि २० अँपियरचा बदल धरला तर १.३५ मिलिओहम. दोन्हींत सुमारे १८५ पटीचा फरक, आणि आमचा नियम मात्र दोन्ही बोर्डांना तोच कपॅसिटर सुचवतो. त्यात सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आले की त्याची क्षमता घटते. छोट्या मापाच्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त क्षमता अशी नाहीशी होऊ शकते. भागांच्या यादीत मात्र १० च लिहिलेले असतात.

डीसीचा हिशेब तर सरळ आहे, तरी राहून जातो. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या एका चौरसाला अर्धा मिलिओहम. व्हायांच्या छिद्रांनी चाळण झालेल्या प्लेनमधून करंट जाताना असे दोन चौरस वाटेत आले, तर २० अँपियरला २० मिलिव्होल्ट तिथेच गेले. ०.९ व्होल्टच्या ३ टक्क्यांत मिळून २७ मिलिव्होल्टच होते.

काटकोनाचे भय मात्र मला अजूनही थक्क करते. ०.१५ मिलिमीटर रुंदीच्या ट्रेसचा कोपरा ओलांडायला सिग्नलला एक पिकोसेकंद लागतो. बहुतेक बोर्डांवर त्याचा परिणाम मोजताही येत नाही. पण त्याच बोर्डावरच्या व्हायाच्या उरलेल्या शेपटीकडे कुणी पाहत नाही. तीन मिलिमीटर जाड बोर्डात सिग्नल वरून आत शिरला आणि वरच्याच एखाद्या थरातून बाहेर पडला, तर खाली अडीच मिलिमीटरचा स्टब लोंबत राहतो. तो सुमारे १५ गिगाहर्ट्झला पाव लहरीच्या अनुनादात येतो आणि तिथली ऊर्जा गिळतो. पाचव्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसची मूळ वारंवारता १६ गिगाहर्ट्झ आहे. तिथे बॅक-ड्रिल केले नाही तर वळणे कितीही गोलाईने काढा, लिंक चालणार नाही.

आता पूर्वपक्षाचा खरा जोरदार मुद्दा: सिम्युलेशन स्वतःच चुकते. हे मी नाकारत नाही. ड्रायव्हरच्या वागणुकीच्या आयबिस फाइली कधी अपुऱ्या असतात, कधी चक्क दुसऱ्याच भागाच्या. एफआर-४ च्या डेटाशीटमधला डायइलेक्ट्रिक स्थिरांक एका वारंवारतेचा असतो आणि तुमच्या बोर्डातल्या काच-राळेच्या प्रमाणाला तो लागू असेलच असे नाही. तांब्याच्या खडबडीतपणामुळे उच्च वारंवारतेला होणारी घट अनेक जण धरतच नाहीत. पोर्ट चुकीच्या जागी लावला, रिटर्नची वाट धरलीच नाही, तर रंगीत चित्र फार देखणे येते आणि निरर्थक असते. असे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही.

पण या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष वेगळाच आहे. मॉडेलमधले जे आकडे नीट माहीत नाहीत, ते ठोकताळा वापरणाऱ्यालाही माहीत नसतातच. डायइलेक्ट्रिक स्थिरांकाबद्दलचे अज्ञान सॉफ्टवेअरने निर्माण केलेले नाही. सिम्युलेशनमध्ये तो आकडा टेबलावर येतो, त्याला नाव मिळते, आणि तो ३.९ ऐवजी ४.४ धरला तर काय बिघडते हे फिरवून बघता येते. पुष्कळदा कळते की काहीच बिघडत नाही. मग त्या आकड्याची चिंता सोडून देता येते. कधी कळते की सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे. मग बोर्ड बनवणाऱ्याला फोन करून खरा प्रीप्रेग कोणता वापरणार हे विचारावे लागते. ठोकताळ्यात हे अज्ञान तसेच असते, फक्त दिसत नाही.

सिग्नल इंटिग्रिटी शिकवणारे एरिक बोगॅटिन आपल्या विद्यार्थ्यांकडून एक शिस्त पाळून घेतात आणि मला ती अपरिहार्य वाटते: मोजमाप किंवा सिम्युलेशन करण्याआधी उत्तर साधारण काय यावे याचा अंदाज लिहून ठेवायचा. वर केलेले सगळे हिशेब कागद-पेन्सिलीचे आहेत, ते याचसाठी. ११३ मेगाहर्ट्झला शिखर यायला हवे हे माहीत असलेल्या माणसाला सॉफ्टवेअरने ४० ला दाखवले तर तो थांबतो आणि चूक शोधतो. अंदाज नसलेला माणूस चित्र रिपोर्टला जोडून मोकळा होतो. आणि बोर्ड हातात आला की टीडीआरवर इम्पीडन्स मोजून, नेटवर्क ॲनालायझरवर रेल मोजून मॉडेलशी ताडून पाहायचे. पहिल्या बोर्डाला दोन्ही जुळत नाहीत. का जुळले नाहीत हे शोधण्यातूनच पुढच्या बोर्डाचे मॉडेल भरवशाचे होते. हा अनुभवच आहे. फरक एवढाच की तो दुसऱ्याच्या हाती देता येतो.

रेफरन्स डिझाइनबद्दल थोडेसे. ते दुसऱ्या रोग्यासाठी लिहिलेले औषध आहे. त्यातली थरांची रचना, व्होल्टेज रेग्युलेटर, करंटचा चढउतार तुमच्या बोर्डात तसेच असतील तर जरूर उतरवा. सहसा ते दहा-बारा थरांचे असते आणि आपण खर्च वाचवायला सहा थरांत बसवतो. मग कपॅसिटर मोजून तेवढेच लावण्याला अर्थ उरत नाही.

खर्चाचा मुद्दा आता पूर्वीइतका टिकत नाही. त्रिमितीय फील्ड सोडवणारी नामांकित सॉफ्टवेअर आजही महाग आहेत हे खरे. पण उसळी, टर्मिनेशन, कपॅसिटरची शिखरे हे सगळे एलटीस्पाइसमध्ये फुकट करता येते. स्पाइसचा उगम १९७० च्या दशकातला, बर्कलीचा, आणि तो पहिल्यापासून खुला होता. केआयकॅडमध्ये एनजीस्पाइस जोडलेलेच येते. व्हायासारख्या गोष्टींसाठी ओपनईएमएस आहे, चिकाटी असेल तर. प्रत्येक बोर्डाला हे करा असेही मी म्हणत नाही. दोन रिले आणि एक डिस्प्ले असलेल्या बोर्डाला त्याची गरज नाही. पण गरज नाही हेही कडेचा वेळ आणि ट्रेसची लांबी बघून ठरवावे, सवयीने नव्हे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जिथे सिम्युलेशन होते तिथेही ते बहुधा लेआउट संपल्यावर, प्रमाणपत्रासारखे केले जाते. तोवर ठरायचे ते ठरून गेलेले असते. पॉवर आणि ग्राउंडच्या दोन प्लेनमधले अंतर हेच बघा. चार थरांच्या नेहमीच्या बोर्डात ते सुमारे १ मिलिमीटर असते, आणि त्या जोडीचा इंडक्टन्स चौरसामागे १.२६ नॅनोहेन्री येतो. अंतर ०.१ मिलिमीटर केले तर तो ०.१२६ होतो, दहावा हिस्सा. हा निर्णय स्टॅकअपचा कागद बोर्ड बनवणाऱ्याकडे जातो त्या दिवशी होतो, एकही ट्रेस काढला जाण्याआधी. १ मिलिमीटरवर शिक्कामोर्तब झाल्यानंतर चिपभोवती कपॅसिटर दुप्पट करा, चौपट करा, प्लेनमधल्या वाटेचा इंडक्टन्स तेवढाच राहतो.